‘केस आहे? फॉर्मवर नाही लिहा’ : नोकरी घालवणारा सल्ला

भरतीची जाहिरात निघाली की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: ‘एफआयआरमध्ये नाव आलं की सरकारी नोकरी कायमची गेली, पासपोर्टही मिळत नाही. म्हणून केस आहे का विचारलं तर सरळ “नाही” लिहा, कुणी तपासत बसत नाही. आणि निर्दोष सुटलात तर प्रश्नच मिटला.’ यातलं एकही विधान धड खरं नाही, आणि एक तर हातातोंडाशी आलेली नोकरी घालवतं.

‘एफआयआर झाली म्हणजे नोकरी गेली’

एफआयआर ही तपासाची सुरुवात असते. तपास संपला की पोलीस एकतर दोषारोपपत्र दाखल करतात, नाहीतर प्रकरण बंद करायचा अहवाल देतात. महाराष्ट्रात त्यालाच ‘समरी’ म्हणतात. तक्रार जाणूनबुजून खोटी केलेली निघाली तर ‘बी समरी’, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी वाद असलेली निघाली तर ‘सी समरी’. ती कोर्टाने मंजूर केली की खटला उभाच राहत नाही. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तर त्याहून खालची पायरी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. तरी एनसी झाली म्हणून अर्जच न भरणारी पोरं आहेत, ती अशा मेसेजमुळेच.

‘नाही लिहा, कुणी तपासत नाही’

खरा घात इथे आहे. निवड झाली की साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देण्याचा फॉर्म, भरून घेतात. त्यात प्रश्न सुटे सुटे असतात: कधी अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा झाली का, आज एखादं प्रकरण कोर्टात प्रलंबित आहे का. खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर अपात्र ठराल, हा इशाराही त्यावर छापलेला असतो. हा नमुना पुढे चारित्र्य पडताळणीसाठी तुमच्या हद्दीतल्या पोलिसांकडेच जातो. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या देशभरच्या पोलीस संगणक जाळ्यात जोडलेल्या आहेत. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर वेबसाइटवर टाकाव्यात, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलं. आणि ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर पक्षकाराचं नाव टाकून खटला कुणालाही शोधता येतो. खासगी कंपन्यांसाठी पडताळणी करणाऱ्या एजन्सीही तिथेच शोधतात.

सापडल्यावर काय होतं? अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी याची चौकट घालून दिली. तरुणपणी घोषणा दिल्याबद्दल झालेल्या केससारखी किरकोळ बाब लपवली असेल, तर ती चूक माफ करायचा विचार नेमणूक करणारा करू शकतो. गुन्हा गंभीर असेल किंवा एकाहून जास्त केसेस दडवल्या असतील, तर उमेदवारी रद्द होऊ शकते, सेवाही संपू शकते. जे विचारलंच नव्हतं ते सांगितलं नाही म्हणून मात्र कुणाला लबाड ठरवता येत नाही. त्यामुळे प्रश्न नीट वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’ एवढंच विचारलं असेल तर प्रलंबित केसचं पुराण सांगायची गरज नाही.

‘अमक्याने लपवलं, तरी कोर्टाने घेतलं’ ही उदाहरणंही फिरतात. खोटी नाहीत ती. २०२२ मध्ये रेल्वे संरक्षण दलातल्या एकाला असा दिलासा मिळाला. पण त्याच वर्षी सीआरपीएफमधल्या दुसऱ्याची सेवा संपवणं त्याच कोर्टाने योग्य ठरवलं. शिवाय दिलासा मिळाला तोही सुप्रीम कोर्टापर्यंत लढून. वकिलाची फी आणि गेलेली वर्षं मेसेजमध्ये दिसत नाहीत.

‘निर्दोष सुटलात तर प्रश्न मिटला’

पोलीस भरतीवाल्यांनी हे जरा थांबून वाचावं. साक्षीदार फितूर झाले, आपसात तडजोड झाली किंवा संशयाचा फायदा मिळाला म्हणून सुटलात, तर पोलीस दल तरीही नकार देऊ शकतं. दिल्ली पोलिसांच्या मेहर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये हेच ठरलं. खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असंही बंधन नाही. म्हणून नुसतं ‘निर्दोष’ लिहू नका. निकालाची प्रमाणित प्रत जोडा. कोर्टाने नेमक्या कुठल्या कारणाने सोडलं, ते तिच्यातच असतं.

‘कायमची’

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली कोर्टाने दोषी ठरवूनही ताकीद देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडून दिलं असेल तर कलम १२ प्रमाणे त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. अल्पवयात घडलेल्या गोष्टीला बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ संरक्षण देतं. मेसेजमधली निराशा एका बाबतीत मात्र अगदीच अनाठायी नाही: सज्ञान माणसाची जुनी शिक्षा काही वर्षांनी आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनने तो १९७४ मध्येच केला. आपल्याकडे हा मुद्दा जाहीरनाम्यांत फारसा दिसत नाही, कारण शिक्षा भोगून झालेल्यांची कुणी मतपेढी करत नाही.

पासपोर्टचं एका ओळीत: खटला प्रलंबित असला तरी १९९३ च्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मिळतो, कोर्टाने मुदत सांगितली नसेल तर वर्षभराचा.

खासगी नोकरीत वेगळीच गंमत होते. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचीच केस तुमच्या अहवालात येऊ शकते. अशा वेळी एचआरशी हुज्जत घालू नका. केस नंबर आणि कोर्टाचं नाव मागा, वडिलांचं नाव, वय, पत्ता ताडून पाहा आणि उत्तर ईमेलनेच द्या.

राहता राहिले आधीच ‘नाही’ लिहून बसलेले. पडताळणीचा अहवाल यायची वाट पाहू नका. नियुक्ती प्राधिकाऱ्याला दुरुस्तीचं पत्र लिहा: गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, आजची स्थिती. सोबत कागद जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. गंभीर कलमं असतील तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.