‘गार्ड कामगारानेच काढला’ म्हणे!

भोसरीत प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या यंत्रांचा कारखाना, चालवणाऱ्या मेव्हण्याने काल मला एक फॉरवर्ड पाठवला, वर ‘जपून ठेव’ अशी टीप. मजकूर असा: फॅक्टरी इन्स्पेक्टरची नोटीस आली तर हे पाच मुद्दे लिहून द्या, केस खलास. खाली अंगठ्यांची रांग. प्रेसवर बोटं जातात त्या विषयावर अंगठे!

पहिला मुद्दा, ‘गार्ड कामगारानेच काढला, चूक त्याची.’ गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला लावलेलं संरक्षण. अहो, पण कामगार तो का काढतो? तासाला इतके नग पडलेच पाहिजेत, हे टार्गेट त्याने स्वतःला दिलेलं नसतं. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) खाली येताना हात आत राहू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात. त्यातलं एक चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं असतं, आणि सुपरवायझर प्रत्येक शिफ्टला शेजारून जातो. दिसत नाही त्याला? कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 21 गार्ड एकदा बसवून थांबत नाही. यंत्र चालू आहे तोवर तो जागेवर राहील, हे बघणंही कारखान्याचंच काम. नवा लेबर कोड 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला; त्याआधीच्या अपघातांना हाच कायदा लागू.

बरं, यात थोडं खरं आहे, तेही सांगतो. कलम 101 खाली मालक सुटू शकतो. पण खरा दोषी कोर्टापुढे उभा करायचा, आपण पुरेपूर काळजी घेतली होती आणि हे आपल्या नकळत, संमतीशिवाय झालं, असं मालकानेच सिद्ध करायचं. चिकटपट्टी महिनोन्‌महिने तिथेच असेल तर करा सिद्ध.

‘माणूस ठेकेदाराचा.’ त्याच कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच.

‘ट्रेनिंग रजिस्टरवर सही आहे.’ सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी. पुढे बोलायला नको.

‘ईएसआय भरतो, विषय संपला.’ ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. त्यामुळे नुकसानभरपाईचा वेगळा दावा अडतो. खटला नाही.

शेवटचा मुद्दा, ‘नव्या लेबर कोडने जेल काढली.’ कुणी सांगितलं? नियम मोडल्यामुळे कामगाराचा जीव गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या दंडातला निम्मा तरी वारसांना द्या, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. मेव्हण्याला हे कळवलंय. प्रेसवरची चिकटपट्टी काढल्याचा फोटो अजून आलेला नाही.