काळ्या पडद्यामागे कॉम्प्युटर जिवंत असतो

चवथीच्या आठवड्यात एक मेसेज माझ्याकडे तीनदा आला. जुना गेम लावल्यावर कॉम्प्युटर हँग झाला तर पॉवर बटण दाबून ठेवा, रॅम वाढवा, कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजचं सोंग घेणारी सेटिंग) लावा. तरी जमलं नाही तर गेममध्ये व्हायरस आहे, विंडोज फॉरमॅट मारा. चार सल्ले, त्यातला एक अर्धा बरोबर.

पॉवर बटण आधी, कारण नुकसान तिथेच होतं. आमच्या फोंड्याच्या घरी भाच्याने लॅपटॉपवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा लढाईचा गेम लावला. पडदा काळाकुट्ट, माउसचा बाण गायब, आणि संगीत मात्र गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली खुशाल वाजतंय. त्याचं बोट बटणाकडे गेलंच होतं. म्हटलं, "थांब रे, आधी कॅप्स लॉक दाब." दिवा लागला. परत दाबला, विझला.

म्हणजे विंडोज जागं होतं, गेमने फक्त पडदा अडवून ठेवला होता. विंडोज १० किंवा ११ वर अशा वेळी विंडोज, कंट्रोल आणि डी एकदम दाबायचं, नवा डेस्कटॉप उघडतो. तिथे कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणायचा आणि गेमला 'एन्ड टास्क' करायचं. आम्ही तेच केलं. कॅप्स लॉकचा दिवा हलतच नसेल, आवाजही एकाच तुकड्यावर टरटरत असेल, तर मात्र बटणाला पर्याय नाही. एरवी बटणाने बंद करताना डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ती फाइल अर्धवट राहू शकते. पावसात वीज गेली की आपले डेस्कटॉप तसेही असेच बंद पडतात, त्यात आपल्या बोटाची भर कशाला?

रॅमचं तर हसूच येतं. 'एज ऑफ एम्पायर्स २'ला १९९९ साली ३२ एमबी रॅम पुरायची. आजच्या ८ जीबीच्या १६ केल्याने त्याला काय फरक पडणार?

कम्पॅटिबिलिटी मोड कधीकधी चालतो, हे खरं. पण फार जुना, १६-बिटचा गेम आजच्या ६४-बिट विंडोजवर त्याने चालत नाही. सेफडिस्कचं, म्हणजे कॉपी रोखणारं, कुलूप असलेल्या सीड्यांनाही त्याचा उपयोग नाही, कारण त्या कुलपाचा ड्रायव्हर विंडोज १० चालवतच नाही. विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या गेमना डॉसबॉक्स हवा, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्यात माउस आत अडकतो आणि लोकांना वाटतं सगळंच हँग झालं. कंट्रोल आणि एफ१० दाबलं की सुटतो.

भाच्याच्या गेमचं दुखणं वेगळं होतं. डायरेक्टड्रॉ या चित्रं काढायच्या जुन्या पद्धतीने तो अख्खा पडदा ताब्यात घ्यायचा आणि नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी त्याचं जमत नव्हतं. सीएनसी-डीड्रॉ नावाची छोटी फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली, गेम अख्ख्या पडद्याऐवजी खिडकीत चालवायला लावला, आरतीपर्यंत पोरं खेळत होती.

राहिला व्हायरस. कुठूनही उतरवलेला गेम अँटिव्हायरसने तपासावाच, पण निव्वळ हँग होणं हा काही व्हायरसचा पुरावा नव्हे. आम्ही फॉरमॅट मारला असता तर घरचे फोटो गेले असते आणि नव्या विंडोजवर तोच गेम त्याच काळ्या पडद्यावर येऊन थांबला असता.