दुखत नसताना जायचं

कोल्हापूरच्या आमच्या घरात सध्या मामींच्या दाढेवरून जुंपली आहे. डॉक्टरांनी रूट कॅनॉल, म्हणजे दाढेतली खराब नस काढून आतली पोकळी भरायला, सांगितलंय. मामा म्हणतात, "मशिनींचे हप्ते फेडायचे असत्यात त्यांना, काहीपण सांगत्यात." आत्तीचं म्हणणं, वरच्या दाढेला हात लावला की नजर जाते. आणि फोन माझ्याकडं आला की ठरलेलं वाक्य: "तुमच्या इंग्लंडात बरं हाय, सगळं फुकट."

कुठलं फुकट! मोठ्या माणसाला एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दवाखान्यातही दातांचे पैसे पडतात. सुटतात ती 18 वर्षांखालची पोरं, गरोदर बायका आणि काही सवलतवाले. त्यात नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट मिळायची मारामार. 2024 च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक दवाखाना सुरू झाला, तर नाव नोंदवायला शेकडो लोक रस्त्यावर रांगेत उभे. शेवटी पोलीस आले. कोल्हापुरात सकाळी दाढ ठणकली तर बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत खुर्ची मिळते. हे सुख तिथं राहून कळत नाही.

एक रीत मात्र मला इथली पटली. काही दुखत नसताना दाखवायला जायचं. माझी लेक शाळेत जायच्या आधीच त्या खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी आरसा तिच्या हातात दिला, हवेचा फवारा आधी तिच्या बोटावर मारून दाखवला, आणि म्हणाल्या, "नको वाटलं तर हात वर कर, मी थांबेन." पोरीनं लगेच हात वर करून बघितला. बाई खरंच थांबल्या.

आपल्याकडं पोराला पहिल्यांदा नेतात ते गाल सुजल्यावर, तेही "दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील" असं वर्षानुवर्षं ऐकवून झाल्यावर. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, त्यामुळं त्या दिवशी दुखतंही जास्त. मग भीती बसली तर त्यात पोराचं काय चुकलं?

आत्तीच्या नजरेचं म्हणाल तर दाढेची नस वेगळी आणि बघायची नस वेगळी. दात साफ केले की हलतात, हेही तसलंच. फटी आधीपासून असतात. किटण निघाल्यावर त्या जिभेला जाणवतात एवढंच. गंमत अशी की डोळ्याला जपणारी आत्ती रोज सकाळी तंबाखू भाजून केलेली मिश्री हिरड्यांना चोळते. कधीकाळी दात दुखला म्हणून कुणीतरी लावायला सांगितली, ठणका बधिर झाला आणि तलफ लागली. ही मिश्री हिरड्या खाते, तोंडाच्या कॅन्सरलाही वाट करून देते. पण त्यावरून घरात कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

मामांचा संशय मी उडवून लावणार नाही. इथं मोठं काम असलं की खर्चासकट लेखी कागद हातात देतात. तसा मागायला मामींनी कशाला लाजायचं? एक्स-रेत कीड कुठवर गेलीय ते दाखवा, किती वेळा यावं लागेल, कॅप धरून किती होतील, असं सरळ विचारावं. डॉक्टर चिडले तर राजारामपुरीत दुसरी पाटी शोधायला रिक्षासुद्धा करावी लागत नाही.