सरकारी वकील कुणाचा?

‘ट्रम्पनं वॉशिंग्टनमध्ये केलं ते बरोबरच. मुंबईचंही सगळं काढून दिल्लीकडे द्या. पोलीस, खटले, सगळं. सुतासारखे सरळ होतील.’ डोंबिवलीच्या आतेभावानं हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी त्याच वॉशिंग्टनमध्ये राहतो, पण मला विचारावं असं कुणाला वाटलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पनी शहराला स्वतःचा कारभार देणाऱ्या होम रूल कायद्याचंच कलम ७४० वापरून शहराचे पोलीस ३० दिवस हाताखाली घेतले, नॅशनल गार्डचे सैनिक रस्त्यावर आणले. भाऊ त्यावर खूश आहे. पण खटले काढून घ्यायचा प्रश्नच नव्हता, ते आधीपासून वर, केंद्राकडेच आहेत. १९७३ च्या त्या कायद्यानं आम्हाला महापौर दिला, कौन्सिल दिलं, सरकारी वकील मात्र दिला नाही. इथं सज्ञान माणसानं खून करो की घरफोडी, खटला चालवतो यूएस अटर्नी, म्हणजे राष्ट्राध्यक्षानं नेमलेला माणूस. शहर निवडून देतं तो अटर्नी जनरल अल्पवयीन मुलांचे गुन्हे आणि किरकोळ भानगडी बघतो. न्यायाधीशसुद्धा राष्ट्राध्यक्षच नेमतात.

मग झालं का सगळं सरळ? २०२२ च्या आर्थिक वर्षात याच फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कचेरीनं शहराच्या कोर्टात जाऊ शकणाऱ्या अटकांपैकी ६७ टक्क्यांत खटलाच भरला नाही. गाड्या फुटत होत्या, लोक चिडले होते, आणि जाब विचारायचा कुणाला? ज्याला आमच्याकडे मत मागायला यायचंच नाही, त्याला? (पुरावे तपासणाऱ्या, शहराच्या स्वतःच्या क्राइम लॅबची मान्यता २०२१ मध्ये गेली होती, हे आतेभाऊ शोधून काढेलच. काढू दे.) हे फक्त ट्रम्पचं नाही. १९०१ चा फौजदारी कायदा शहरानं नव्यानं लिहिला, तो २०२३ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, रद्द केला आणि त्यावर सही बायडनची होती.

आणि दिल्लीकडे दिलं की निकाल लागतो, हे भावाला कुणी सांगितलं? सुशांतसिंह प्रकरण आठवतं ना? २०२० मध्ये मुंबई पोलिसांना काही कळत नाही म्हणून ते सीबीआयकडे गेलं. त्याच वर्षी महाराष्ट्रानं सीबीआयला राज्यात तपासासाठी दिलेली सरसकट संमतीच काढली, सरकार बदलल्यावर परत दिली. या ग्रुपवर तेव्हा रोज नवा खुनी सापडायचा. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा कुणी अंगठासुद्धा टाकला नाही.

खुद्द दिल्लीत तरी काय? २०२० च्या दंगलीच्या खटल्यांत सरकारी वकील कोण, यावर निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा निर्णय नायब राज्यपालांनी खास अधिकार वापरून फिरवला. वकील ठरले ते पोलिसांच्या यादीतले, आणि पोलीस केंद्राचे. मुंबईसाठी हे मागायचं? ज्या शहरासाठी शंभरावर माणसं हुतात्मा झाली, ते?

इथं लोकांच्या हातात एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे ज्युरी, कोर्टात दोषी की निर्दोष हे ठरवणारे साधे नागरिक. त्या ऑगस्टात एकानं फेडरल अधिकाऱ्याला सँडविच फेकून मारलं. सरकारला गंभीर गुन्हा लावायचा होता, असा खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या ग्रँड ज्युरीनं नकार दिला. मग साधा मारहाणीचा खटला भरला, तर नोव्हेंबरात ज्युरीनं त्यालाही निर्दोष सोडलं. मतपेटीतून जे मिळालं नाही, ते शेजारपाजारच्या बारा जणांनी बंद खोलीत बसून करून घेतलं. मला भयंकर आनंद झाला. ‘आपण’ जिंकलो, असं मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा.

भावाचं एका ओळीत उत्तर आलं: ‘आपण म्हणजे कोण?’

त्याला खिजवायचं होतं, पण प्रश्न चुकीचा नाही. ज्युरीवर फक्त नागरिक बसतात. बायकोनं नागरिकत्वाची शपथ घेतली, तिला समन्स येतं. कटकट म्हणून ती ते फ्रिजवर लावून ठेवते आणि मी येता-जाता वाचतो. शहराच्या कायद्यानं ग्रीनकार्डवाल्या मलाही महापौर आणि तो बिनहत्याराचा अटर्नी जनरल निवडता येतो, पण ज्युरीच्या कठड्याच्या आत जाता येत नाही. त्यासाठी भारताचा निळा पासपोर्ट परत करावा लागेल. अर्ज भरून ठेवलाय, धाडवत नाही. डोंबिवलीत तर ठाकुर्लीच्या पुलाबद्दलही माझं मत आता कुणी विचारत नाही.

तरी मुंबईचे खटले दिल्लीला देऊ नका. हे मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. यावेळी एक अंगठा आला, आईचा.