घरबसल्या निकाल कसा द्यावा

फौजदारी खटल्याची भाषा अवघड आहे अशी तक्रार करणाऱ्या वाचकांना आमचा सल्ला असा, की ती शिकण्याच्या फंदात पडूच नये. संशयित, आरोपी आणि दोषसिद्ध अशा तीन पायऱ्या न्यायालयाने उगाच बांधून ठेवल्या आहेत. आपण अटकेच्या दिवशीच ‘नराधम’ म्हणून मोकळे व्हावे, म्हणजे मथळाही आटोपशीर बसतो.

गुन्हा नोंदवला म्हणजे गुन्हा घडला, असे धरून चालावे. प्रथम खबरी अहवाल ही तपासाची केवळ सुरुवात असते, असे कोणी सांगू लागल्यास त्याचे आरोपीशी नाते काय, हे तत्काळ विचारावे. ‘कोठडीत कबुली दिली’ ही बातमी तर जपून ठेवावी. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो कायम ठेवला. संघटित गुन्हेगारीविरोधातील मकोकासारख्या कायद्यांनी केलेले अपवाद सोडले, तर आपल्या पोलिसांपुढच्या कबुलीवर विसंबण्याचे धाडस इंग्रजांनाही झाले नाही आणि आपल्यालाही. ते आता तुम्ही करावे.

दोषारोपपत्राची पाने मोजावीत, वाचू नयेत. त्यानंतर न्यायालयाने आरोप निश्चित करायचे असतात, सरतपास आणि उलटतपास व्हायचे असतात, पंच फितूर व्हायचे असतात, आणि या साऱ्याला इतकी वर्षे लागतात की निकालाच्या दिवशी मूळ घटना कोणाला आठवत नाही. तोवर थांबणे सोशिक माणसांचे काम आहे.

जामीन मिळाला की ‘सुटला’ म्हणून हळहळावे. दहा वर्षे किंवा अधिक कैद, जन्मठेप अथवा फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दिरंगाई तपास यंत्रणेची असली तरी शिव्या न्यायाधीशांनाच द्याव्यात, कारण ते उत्तर देत नाहीत. ‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोग कानी पडल्यास ती सणासुदीची सवलत समजावी. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, या तपशिलात शिरू नये.

तुमच्या अधिकाराला परंपरा नाही असेही नाही. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ‘निर्दोष’ असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो न पटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या नऊ जणांनी निदान साक्षी तरी ऐकल्या होत्या. तुम्हाला तेवढेही कष्ट नाहीत, शिवाय तुमचा निकाल वरच्या न्यायालयात जाण्याची भीती नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात असू द्यावा. उद्या आपल्याच भाच्यावर गुन्हा दाखल झाला, तर वरील सल्ला तहकूब समजावा, अटकपूर्व जामिनासाठी चांगला वकील गाठावा आणि भेटेल त्याला बजावून सांगावे की अजून काहीही सिद्ध झालेले नाही.