मेस्त्री आणि मास्टर

ऐन हंगामात मामाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेवर बसला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. पूर्ण बंद पडला नव्हता, पण चढाला जोर धरेना. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला, आणि कितीही रेस दिली तरी इंजिन एका ठरावीक फेऱ्यांच्या वर जाईना. मामानं मला फोन लावला. "तू इंजिनिअरिंग शिकवतीस न्हवं? मग सांग की काय झालंय."

एकवीस वर्षं झाली मला मेकॅनिकल शिकवून. लक्षणं ऐकून मी सांगितलं की रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीतलं, प्रेशर कमी पडत असणार, म्हणून कंट्रोल युनिटनं, म्हणजे इंजिनावरच्या संगणकानं, इंजिनाची ताकद तोडली आहे. हे बरोबरच होतं. पण प्रेशर कमी का पडलं? फिल्टर चोंदला असेल, पंप झिजला असेल, इंजेक्टर मागं गळत असेल, सेन्सर खोटं सांगत असेल, कुठंतरी हवा शिरत असेल. पाच कारणं मी तोंडपाठ सांगितली. त्यातलं कुठलं, ते मला सांगता येईना. सर्व्हिस सेंटरचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन तिसऱ्या दिवशी येणार होता.

मी पोचले तेव्हा गावातले मेस्त्री आले होते. शाळा नववीपर्यंत, वय साठीच्या पुढं. त्यांनी आधी बॉनेटला हातच लावला नाही. मामाला विचारत बसले. डिझेल कुठनं भरलं? फिल्टर कधी बदलला? कुणी बदलला? सकाळी चालू करताना सेल जास्त मारावा लागतोय का? फिल्टर चार दिवसांपूर्वी घरीच बदलला होता हे कळल्यावर त्यांनी फिल्टर आणि पंपाच्या मधली, सक्शनकडची नळी काढली आणि तिथं आरपार दिसणारी प्लॅस्टिकची नळी जोडली. इंजिन चालू केलं. डिझेलातून बारीक बुडबुडे एकामागं एक पळताना दिसले, माळेतले मणी ओघळावेत तसे. "हवा घेतंय, ताई." फिल्टर बदलताना बँजो बोल्टखालचा (नळी जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याचा जुना वॉशरच परत बसवला होता. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मेस्त्रींनी आपल्या डब्यातला नवा वॉशर घातला, हवा काढली, बुडबुडे थांबले.

आणि तरीही दिवा विझला नाही. इंजिनाची ताकदही परत आली नाही. त्या मॉडेलमध्ये ही चूक कंट्रोल युनिटच्या आठवणीत कोरली जाते आणि ती पुसायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. म्हणजे दुरुस्ती झाली होती, चालवायची परवानगी तेवढी यायची होती. ती दोन दिवसांनी आली. तोवर ऊस ट्रॉलीत वाळत होता, आणि वाळलेल्या उसाचं वजन घटतं हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते इथं लिहिते आहे. लांब होईल, वाचा.

माझे वडील कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, फिटर होते. आण्णा सातवी शिकलेले. ऑइल इंजिनाची जुळणी करायचे, ज्या इंजिनांवर या भागातल्या विहिरी उपसल्या आणि गुऱ्हाळांचे चरक फिरले, ती इंजिनं. बेअरिंग बसवताना शाफ्टला निळा रंग लावायचे, फिरवून बघायचे, जिथं रंग उठला तिथं स्क्रेपरनं इतकं हलकं खरवडायचे की निघालेला कीस फुंकरीनं उडायचा. परत रंग, परत फिरवणं. एकेका बेअरिंगला अर्धा दिवस.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा त्यांना विचारलं, की तेलाची खाच तुम्ही नेहमी वरच्याच अंगाला का मारता, खाली का नाही? आण्णा म्हणाले, "भार खाली येतोय न्हवं? तिथं खाच मारली तर तेलाची गादी फाटती."

तेलाची गादी! त्याच आठवड्यात आमच्या वर्गात हायड्रोडायनॅमिक ल्युब्रिकेशन चाललं होतं. फिरणारा शाफ्ट तेल ओढून आपल्याखाली पाचरीसारखं घुसवतो, त्यात दाब तयार होतो आणि शाफ्ट त्या तेलावर तरंगतो. भार येतो तिथं खाच असेल तर दाब तिथून निसटतो. इंग्लंडमध्ये १८८३ साली बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर, म्हणजे भार येतो नेमक्या त्याच जागी, भोक पाडलं. तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्यानं लाकडाचं बूच मारलं, तर ते बूचही दाबानं वर सरकलं. तिथून सगळ्यांना कळलं की आत केवढा दाब आहे. मग १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. ते समीकरण मी आजही फळ्यावर लिहिते आणि दरवेळी मला आण्णांचा स्क्रेपर दिसतो.

ही गोष्ट मी "बघा, अडाणी माणसाला सगळं येत होतं" असं म्हणण्यासाठी सांगत नाहीये. आण्णांना गादी माहीत होती, पण शाफ्टचा वेग दुप्पट केला तर तेल किती तापेल, कितव्या नंबरचं तेल लागेल हे त्यांना आधी सांगता येत नव्हतं. ते करून बघायचे, आणि कधीकधी बेअरिंग जाम व्हायचं. रेनॉल्ड्सच्या समीकरणानं ते आधी कळतं. मात्र समीकरणाला बेअरिंग खरवडता येत नाही. दोन्ही ज्ञानंच आहेत. एकाला आपण ज्ञान म्हणतो आणि दुसऱ्याला "हातातली कला" म्हणून पाठ थोपटतो, माझं भांडण तिथं आहे.

शब्दच बघा ना. आपला मेस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, आणि तो लॅटिन 'मॅजिस्टर'वरून. माझ्या एम.टेक.मधला 'मास्टर' त्याच मॅजिस्टरचा वंशज. जर्मन 'माइस्टर'ही तोच. जर्मनीत माइस्टर ही परीक्षा देऊन मिळवायची पदवी आहे आणि तिथल्या पात्रतेच्या चौकटीत ती सहाव्या पातळीवर, म्हणजे बॅचलर पदवीच्या बरोबरीला ठेवली आहे. एकाच मुळाचे तीन शब्द. आपल्याकडं त्यातल्या एकाला व्यासपीठावर खुर्ची मिळते आणि दुसऱ्याला "ओ मेस्त्री, इकडं या" अशी हाक.

कोल्हापुरात तर असं व्हायला नको होतं. आपण ज्यांना कलामहर्षी म्हणतो त्या बाबूराव पेंटरांचं आडनाव मेस्त्री. सुतारकाम-लोहारकाम करणाऱ्या घरातला माणूस. सिनेमाचा कॅमेरा विकत आणणं परवडत नव्हतं, तर १९१८ च्या सुमाराला विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन त्यांनी तो इथंच तयार केला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्याच्या शेजारून आपण रोज गाडी घालतो. ज्यांना आपण यंत्रमहर्षी म्हणतो तेही म्हादबा मेस्त्रीच. परदेशी इंजिन उघडायचं, समजून घ्यायचं आणि मग आपलं करायचं, यावरच उद्यमनगर उभं राहिलं. उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती, हे इथं महत्त्वाचं.

आता यंत्र बदललं आहे, आणि खूप बदललं आहे. "इलेक्ट्रॉनिक झालंय, बाकी काय" असं म्हणून चालणार नाही. जुन्या इंजिनात इंजेक्टर साधारण २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) उघडायचा. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. गाड्यांना २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले, ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून नवे नियम लागू झाले, आणि हे सगळं शेताच्या बांधापर्यंत पोचलं. जुन्या इंजिनाचा कुठला सिलिंडर मारत नाही हे शोधायची मेस्त्री लोकांची एक पद्धत होती: चालू इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करायचा. ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. अचूक पद्धत. कॉमन रेलवर हेच केलं तर सुईसारखी धार कातडी फोडून डिझेल बोटात घुसवते. वरून टोचल्यासारखी बारीक खूण दिसते, दुखतही नाही फार. आतलं मांस मात्र सडायला लागतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं, कधी हातही. हे वाचणाऱ्यांत कुणी गॅरेजवाले असाल तर एवढं एक लक्षात ठेवा: चालू कॉमन रेलचा नट सैल करायचा नाही, गळती बोटानं चाचपायची नाही, आणि धार लागलीच तर "बघू उद्या" न म्हणता थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन "हाय प्रेशर डिझेल घुसलंय" असं स्पष्ट सांगायचं.

चाळीस वर्षांचा अनुभव इथं वाचवत नाही, उलट सवयच घात करते. इथं पुस्तकच लागतं. पण ते पुस्तक इंग्रजीत आहे, कंपनीच्या कुलपात आहे, आणि आमच्या गावच्या मेस्त्रींपर्यंत ते पोचवायचं काम आपलं आहे असं कुणालाच वाटत नाही. मलाही एकवीस वर्षं वाटलं नाही, हे कबूल करते.

मेस्त्रींच्या चुकाही मी बघितल्या आहेत. ईजीआरमुळं (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) इंजिन घाण होतं म्हणून पत्र्याची चकती घालून ते बंद करायचं, हा उद्योग गावोगाव चालतो. बीएस-६ गाडीत असं केलं की दोष नोंदला जातो, धूर गाळणाऱ्या फिल्टरची आपोआप होणारी सफाई थांबते आणि तो काजळीनं भरत जातो. नव्या फिल्टरचा खर्च ऐकून गाडीमालक खाली बसतो. म्हणून जुगाडाचं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही. मामाच्या ट्रॅक्टरवर मेस्त्रींनी केलं तो जुगाड नव्हता. प्रश्न विचारून शक्यता कमी करत आणणं, एकच गोष्ट बदलून परिणाम डोळ्यांनी बघणं, याला विज्ञानाची पद्धत म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत याच्या तोडीचं काम मी फार कमी वेळा बघितलंय.

आमच्याकडं काय होतं ते सांगते. मुलं जर्नल पुरं करतात, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून. इंजिन स्टँडवर कापून, रंगवून ठेवलेलं असतं. पिस्टन लाल, पाणी फिरतं ती जागा हिरवी. ते कधी बिघडत नाही, कारण ते चालतच नाही. चार वर्षांत एकदाही मुलांसमोर खरोखर बंद पडलेलं यंत्र येत नाही, ज्याचं उत्तर मास्तरालाही माहीत नाही. आणि दहावीला मार्क कमी पडले की पालक रडवेले होऊन म्हणतात, "आता आयटीआयशिवाय काय राहिलं नाही." जणू शिक्षाच. त्याच पालकांची मोटर २०१९ च्या महापुरात बुडाली तेव्हा कुणाचा उंबरा झिजवला? पंचगंगेकाठच्या बुडालेल्या पंपांच्या मोटरी ढिगानं रिवाइंडिंगवाल्यांच्या दारात पडल्या होत्या. धुणं, सुकवणं, वार्निश, मेगर लावून इन्सुलेशन बघणं, दिवसरात्र. तेव्हा कुणी कुणाची डिग्री विचारली नाही.

तिसऱ्या दिवशी आला तो सर्व्हिस इंजिनिअर म्हणजे आमच्याच कॉलेजचा डिप्लोमाचा मुलगा निघाला. हुशार, नम्र. लॅपटॉप जोडला, कोड वाचला, पुसला. मग मेस्त्री त्याच्या शेजारी चिखलात उकिडवे बसले आणि विचारायला लागले, ह्यो आकडा कशाचा, रेस दिल्यावर किती वर जायला पाहिजे, सेन्सर कुठं बसवलाय. मुलगा सांगत होता. मग त्यानं ती आरपार नळी हातात घेऊन विचारलं, "मेस्त्री, हे तुम्ही कसं ओळखलं?" त्याच्या ट्रेनिंगमध्ये रेल प्रेशर कमी म्हणजे पंप बदला, इतकंच होतं. पंपाची किंमत मी इथं लिहीत नाही, मामा वाचतो. अर्धा तास दोघं बोलत होते. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. एवढ्या वर्षांत इतका चांगला तास मी बघितला नव्हता.

तेवढ्या अर्ध्या तासासाठी कुणाच्या तरी कुलपाची किल्ली लागली, हे मला सलतं. ट्रॅक्टर मामाचा, कर्ज मामाच्या नावावर, आणि दोष पुसायचा हक्क दुसऱ्याचा. अमेरिकेतले शेतकरी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं भांडले आणि कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. कंपन्यांनी मॅन्युअल, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचं, असा. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ मध्ये समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं पहिल्या चार क्षेत्रांत घेतली, पोर्टलही काढलं. पोर्टल चांगलंच आहे. पण त्यानं मामाचा दिवा विझला नसता. सुरक्षेसाठी काही गोष्टी कुलपात राहाव्यात हे मलाही मान्य आहे. प्रदूषणाची सेटिंग कुणीही बदलावी असं मी म्हणणार नाही. दोष वाचणं आणि दुरुस्तीनंतर तो पुसणं त्यात येत नाही.

माझ्यापुरतं मी एक सुरू करतेय. कॉमन रेलचं काम सुरक्षित कसं करायचं याच्या वीसेक पानांच्या टिपणाला हात घातला आहे, मराठीत, चित्रांसह. ते मेस्त्री आणि तो मुलगा, दोघंही ते तपासून देणार आहेत. 'रेल'ला रेलच म्हणायचं, कुणी 'सामायिक इंधननलिका' सुचवू नका.

आणि एक मागणं आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावकडं कुणाकडं कॉमन रेलचा निकामी पंप, इंजेक्टर किंवा जळालेलं कंट्रोल युनिट भंगारात पडलं असेल तर मला कळवा. मुलांसमोर कापून उघडायचं आहे. भंगाराच्या भावानं पैसे देईन, आणि येऊन घेऊन जाईन.