नाव कोणाचं, आवाज कोणाचा?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गायक गेल्यावर त्याच नावाने बँड चालवणं म्हणजे मेलेल्या मित्राच्या नावावर तिकिटं विकणं, लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडने गायक चेस्टर बेनिंग्टन गेला तेव्हा, २०१७ मध्येच थांबायला हवं होतं आणि त्यांनी पुढे चालत राहण्याला मी धैर्य म्हणणं चूक आहे, असं तुमचं म्हणणं. चेस्टरवरची तुमची माया त्यात दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. 'नम्ब' हे त्यांचं गाणं सुरू झालं तेव्हा चेस्टरच्या जागी बँडने कुणालाही उभं केलं नाही. मोकळ्या माइकवर प्रकाशझोत होता आणि शब्द प्रेक्षक गात होते. त्यानंतर 'फ्रॉम झीरो' हा नवा अल्बम यायला २०२४ उजाडलं. नाव विकायचंच असतं तर लोकांचे डोळे ओले होते तेव्हाच विकलं असतं.

बँडचा आवाज म्हणजे गायकाचा गळा, हे तुम्ही धरून चाललात आणि तेच मला पटत नाही. अ‍ॅलिस इन चेन्स हा बँड घ्या. त्यांचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये गेला. पण त्या बँडची ओळख होती ती स्टेली आणि गिटारवादक जेरी कँट्रेल यांच्या एकमेकांत मिसळलेल्या सुरांची. कितीतरी गाणी कँट्रेलनेच लिहिलेली. म्हणजे त्या आवाजातला अर्धा वाटेकरी जिवंत होता. त्याने स्वतःचीच गाणी गायची नाहीत? २००९ मध्ये त्यांचा 'ब्लॅक गिव्ज वे टू ब्लू' हा अल्बम आला. नव्याने आलेला गायक विल्यम ड्युव्हाल त्यात स्टेलीची नक्कल करत बसत नाही. आणि स्टेलीला निरोप देणारं शीर्षकगीत कँट्रेल स्वतः गातो, पियानोवर एल्टन जॉन. ते एकदा ऐका, एवढीच विनंती.

किती काळ थांबलं यावरून मात्र मी कुणाला तोलणार नाही. एसी/डीसी या बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि त्यांचा 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम जुलैत बाजारात होता. तरी काळंभोर कव्हर शोकाचं होतं, सुरुवात घंटेच्या टोल्यांनी होती आणि नवा गायक ब्रायन जॉन्सन स्वतःच्याच गळ्याने गात होता.

नावाबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. जॉय डिव्हिजन या बँडमधल्यांनी आधीच ठरवलं होतं की एकही जण कमी झाला तर हे नाव वापरायचं नाही. मे १९८० मध्ये त्यांचा गायक इयान कर्टिस गेला आणि उरलेले 'न्यू ऑर्डर' या नव्या नावाने गाऊ-वाजवू लागले. दिलेला शब्द पाळायलाच हवा, आणि हे माझ्या लेखात यायला हवं होतं. पण लिंकिन पार्कचं मूळ चेस्टरच्याही आधीचं आहे. तेव्हा बँडचं नाव झीरो होतं, 'फ्रॉम झीरो' हे शीर्षक तिथूनच आलंय. बँडमधला माइक शिनोडा तेव्हापासून त्यात आहे. त्याने स्वतःचं घर सोडून जावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

लिंकिन पार्कची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिच्या आवाजात 'नम्ब' पहिल्यांदा लावलं तेव्हा मलाही चेस्टरच ऐकू येत राहिला. अर्ध्यावर बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.